सोडावाल्या बाई

माझ्या जावेला लोक सोडावाल्या बाई म्हणतात. चप्पल लाईनीतले, म्हणजे चपलांच्या बाजारपेठेतले व्यापारी म्हणतात, टेम्पोवाला म्हणतो, आमच्या शेडातले प्रेसवाले चाचाही आता तेच म्हणतात. सोडा म्हणजे बाटलीतला नव्हे. भज्यांच्या पिठात घालतात तो, खायचा. तो रबरात घालून तिने स्पंज फुगवला आणि नाव कमावलं. त्या स्पंजाचं रबर कितीतरी वर्षं मी मळते आहे. मला रबरवाल्या बाई असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

आमचं शेड उद्यमनगरात आहे. रबराच्या शीटा बनवतो, त्या कापून चपलांचे तळवे होतात. एक मिल आणि एक प्रेस, एवढाच पसारा. प्रेसमध्ये रबराचा साचा दाबून तापवतात, ती चाचा चालवतात. मिल म्हणजे एकमेकांकडे फिरणारे दोन जाड लोखंडी रूळ. त्यांच्या फटीतून कच्चं रबर पुन्हा पुन्हा काढायचं. मऊ पडलं की त्यावर पावडरी टाकायच्या, सुरीने कापून गुंडाळी करायची, आडवी धरून परत फटीत द्यायची. कणीक मळल्यासारखंच, फक्त ही कणीक हात ओढून नेऊ शकते. मी आले तेव्हा मिलवर एक माणूस होता. तो गावी गेला तो परतलाच नाही. दुसरा मिळेपर्यंत मी उभी राहते म्हटलं, आणि मग दुसरा कुणी शोधलाच नाही. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी पहिले काही दिवस मागे उभं राहून बघितलं, चार सूचना दिल्या आणि मग खुर्चीवर जाऊन बसले. तीच त्यांची शाबासकी असं मी धरून चालले. आमचे हे बाहेरची वसुली आणि माल पोचवणं बघतात, त्यांना मिलचा आवाज सहन होत नाही.

जाऊ चंदगडची. तिकडची माणसं गोड बोलतात असं नाही, पण ही बोलते. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, कबनूरला कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो. मुलं शाळेत जायला लागली तशी ती घरात कंटाळली आणि शेडावर यायला लागली. आधी शीटा मोजून बांधायची. मग चहा करायची. मग मामांच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसायची. चाचा मला कामापुरतं बोलतात, तिच्याशी मुलीच्या लग्नापर्यंत बोलतात. टेम्पोवाला माझ्यासमोर विडी विझवतो, तिला विचारतो, ‘‘धाकट्या वैनी, आज भजी न्हाईत व्हय?’’ तिची भजी चांगली असतात. ते मी कधी नाकारलं नाही.

सुरुवात चप्पल लाईनीतल्या एका व्यापाऱ्यामुळे झाली. तो लहान मुलांच्या कोल्हापुरी चपला परदेशात पाठवायचं बघत होता. कातड्याच्या दोन थरांमध्ये मऊ स्पंजाचा पातळ थर हवा, म्हणजे पोरांचे पाय सोलणार नाहीत. स्पंज आम्ही करतच होतो, पण फुगवायला पिवळी पावडर वापरायचो. सगळेच वापरतात. ती तापली की वायू सोडते आणि रबर फुगतं. तिचा पिवळेपणा नखांत बसतो आणि ताज्या शीटेला वास राहतो. व्यापाऱ्याने शीट नाकाशी धरली आणि लांब केली.

‘‘वैनी, रागावू नका. मुतारीसारखा वास मारतोय.’’

‘‘दोन दिवस वाऱ्यावर टाकली की जातो,’’ मी म्हटलं.

‘‘तिकडची माणसं दोन दिवस थांबत न्हाईत. आणि ही पावडरच नको म्हणतात ते. दुसऱ्या कशानं फुगतंय का बघा. न्हाय जमलं तर मी दुसरीकडं विचारतो.’’

मी रसायनांच्या दुकानांत फोन केले. कुणाकडे पाहिजे तशी पावडर नव्हती, कुणाकडे होती ती आमच्या प्रेसला चालणारी नव्हती. मी रुळापुढे उभी राहून डोक्यात हेच घोळवत होते. तेवढ्यात जावेने मामांच्या हातात चहा दिला आणि सहज विचारलं, ‘‘मामा, ही पिवळी पावडर यायच्या आधी तुम्ही काय घालत व्हता?’’

‘‘सोडा,’’ मामा म्हणाले. ‘‘खायचा.’’

आणि मग ते बोलायला लागले. तरुणपणी ज्या कारखान्यात काम शिकले तिथे सोड्यावरच स्पंज कसा निघायचा, सोडा तापला की दम सोडतो, पण रबर अर्धकच्चं असतानाच तो दम सुटला पाहिजे, आधी सुटला तर उडून जातो, उशिरा सुटला तर रबर जागचं हलत नाही. भाकरीच्या फुगण्याची उपमा दिली, तीही जावेच्याच चुलीची आणि तव्याची. ती ‘‘व्हय?’’ आणि ‘‘मग?’’ एवढंच म्हणत होती. चहा निवला तरी ते थांबेनात. मी मिल बंद केली नाही, पण हात मंद झाले. इतक्या वर्षांत मामा माझ्याशी एकदम एवढं कधी बोलले नव्हते. गंधक शेवटी घाल, रूळ गार ठेव, केस बांध. माझ्या वाट्याची तालीम इथे संपत होती.

मी कधी विचारलं नव्हतं, हे खरं. पण सांगण्यासारखं होतं ते त्यांनी सांगितलंच असेल, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती वाण्याकडून सोड्याच्या पुड्या घेऊन आली. बरोबर घरची मैद्याची चाळण.

‘‘ही भजी न्हाईत,’’ मी म्हटलं.

‘‘फुगायचं तर दोघांना हाय की, अक्का.’’

चाचा हसले. मी रबर मळून दिलं, तिने सोडा टाकला, साचा निम्माच भरून प्रेसमध्ये ठेवला. निघालेल्या शीटेला भोकं पडली होती, काही वाटाण्याएवढी, काही लिंबाएवढी. हवा दमट होती, सोड्याच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि चाळणीतून सुटलेल्या गुठळ्या रबरात तशाच राहिल्या.

‘‘धाकट्या वैनी,’’ चाचा म्हणाले, ‘‘स्पंज मागितला व्हता. तुम्ही उंदरानं खाल्लेलं दिलं.’’

मला बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही.

तिने परत मामांना विचारलं. मामांनी सोडा तेलात कालवून घालायला सांगितलं. तेलात कालवला की गुठळी राहत नाही आणि हवेतलं पाणीही ओढत नाही. या वेळी भोकं बारीक आली, पण शीट बसकी निघाली. यातली मेख मला कळली. माझे रूळ तापले होते. सोड्याला दम सोडायला मोठी आच लागत नाही, रबर प्रेसवर जायच्या आधीच निम्मा वायू मिलवर उडून जात होता. मी रुळांच्या आत पाणी खेळवलं, ते हाताला गार लागेपर्यंत थांबले आणि तेलातला सोडा अगदी शेवटी, दोन-चार फेऱ्यांपुरता आत घेतला. हे मी केलं. कुणाला सांगितलं नाही, कारण मिलवरचं काम सांगायची पद्धत आमच्याकडे नाही.

तिसरी शीट साच्यातून निघाली ती पांढरी, जाड, सगळीकडे सारखी. अंगठा दाबला की आत जायचा, काढला की खड्डा हळूच भरून यायचा. वास जवळजवळ नाहीच. नाक अगदी टेकवलं तर बेकरीच्या मागच्या दारासारखा थोडासा. मामा खुर्चीवरून उठून आले. त्यांनी शीट उचलली आणि चक्क गालाला लावली.

‘‘जमलं की गं पोरी!’’

पोरी मी नव्हते. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते, कोपरापर्यंत पांढरी झालेली.

पुढचं त्याच दिवशी चहाच्या वेळी झालं. व्यापाऱ्याला निरोप गेला होता, तो गुरुवारी माल बघायला येणार होता. मामा मला म्हणाले, ‘‘हा माल पास झाला की धाकटीला मिल शिकव. तिला समज हाय. तू आता खुर्चीवर बस, फोन बघ, बिलं बघ. किती दिस हात काळं करणार?’’

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. खुर्ची म्हणजे मोठा मान. आमचे हे तर म्हणाले, बरं झालं, तुझी कंबर वाचेल. माझ्या कंबरेबद्दल त्यांना पहिल्यांदाच काही वाटलं होतं. मला मात्र एकच दिसत होतं. माझ्या रुळांपुढे ती उभी आहे, गोड बोलते आहे, आणि मी कोपऱ्यात बसून ‘हॅलो’ म्हणते आहे. मिल गेली तर त्या शेडात माझं असं काही उरत नव्हतं.

‘‘आधी माल पास होऊ दे,’’ मी एवढंच म्हटलं.

गुरुवारसाठी बऱ्याच शीटा लागणार होत्या. वाण्याच्या पुड्या पुरणार नव्हत्या. जावेने नवऱ्याला फोन केला, ‘‘येताना पोतंभर सोडा घेऊन या. चांगला, पांढराशुभ्र बघून आणा.’’ दीर संध्याकाळी मोटारसायकलला पोतं बांधून घेऊन आला. दुकानदाराने मोठ्या पोत्यातून काढून साध्या पोत्यात भरून दिलं होतं, त्यावर छापलेलं काही नव्हतं. तोंड सोडलं तर आत पांढरी, कोरडी, मोकळी पावडर. गुठळी औषधाला नाही. ती खूश झाली. मीही मनात म्हटलं, हिचं नशीबच असलं.

बुधवारी सकाळी तिने तो सोडा तेलात कालवला, मी गार रुळांवर शेवटी आत घेतला. चाचांनी प्रेस उघडली आणि उघडीच ठेवली. साच्यात भाकरीसारखी चपटी, दडस शीट. नखही रुतेना. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

‘‘सोडा झोपलाय,’’ चाचा म्हणाले.

जावेचा चेहरा उतरला. तिने डब्यातली लिंबाची फोड काढली आणि वाटीत थोडा सोडा घेऊन त्यावर पिळली. फसाफसा फेस आला.

‘‘सोडा जित्ता हाय, मामा,’’ ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघत, आवाज खाली करून, ‘‘मग रबरातच काय तरी झालं असंल, अक्का.’’

मामा उठले. रुळांपाशी आले, हात लावून बघितला. ‘‘तापलं व्हतं काय गं?’’

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या रुळांना हात लावून बघितला नव्हता. डोक्यात राग गेला. सरळ नळावर गेले, हात धुतले आणि ओल्या हातानेच पोत्यात मूठ घातली. रबर माझं नीट होतं हे मला माहीत होतं. मग उरलं काय ते बघायचं होतं.

मूठ गरम झाली.

ही ऊब माझ्या ओळखीची होती. काळ्या शीटांच्या रबरात घालतो त्या काजळीने चाचांचे आणि माझे कामाचे कपडे नुसत्या साबणाला दाद देत नाहीत. ते मी दर रविवारी धुण्याच्या सोड्यात भिजवते. कोरडा सोडा ओल्या हाताला लागला की हात असाच तापतो, बोटं असलीच बुळबुळीत होतात. मी वाण्याच्या पुडीतला उरलासुरला सोडा शोधला. स्टीलच्या दोन वाट्या घेतल्या, एकीत पुडीतला, एकीत पोत्यातला, दोन्हींत थोडं थोडं पाणी.

‘‘हात लाव,’’ मी जावेला म्हटलं.

तिने एका वाटीला लावला. ‘‘गार हाय.’’ दुसरीला लावला आणि मागे घेतला. ‘‘ही कशी तापली?’’

‘‘कारण हा धुण्याचा सोडा हाय. लिंबू पिळलं की दोन्ही फसफसतात. पण हा नुसत्या आचेनं दम सोडत न्हाय. साच्यात जन्मभर ठेवलास तरी असाच बसंल.’’ मग मामांकडे बघून म्हटलं, ‘‘माझं रूळ गार व्हतं.’’

जावेने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

‘‘अवं, कसला सोडा आणलाय तुम्ही?’’

‘‘कसला म्हंजे? सोडा म्हणालीस, सोडा आणला. आमच्या कारखान्यात येतो तोच, एक नंबर.’’

‘‘भज्यातला पाहिजे व्हता!’’

‘‘मग भज्यातला म्हणायचं की! पोतंभर भजी कोण तळतंय, मला काय सपान पडतंय?’’

चाचा प्रेसचा दांडा धरून हसले. मामा हसले, त्यांना ठसका लागला. जाऊही डोळे पुसत हसायला लागली. कबनूरकडे कापड धुणाऱ्यांत सोडा म्हणजे धुण्याचाच, तिथे दुसरा सोडा कुणाच्या डोक्यात येणार? दिराचं काही चुकलं नव्हतं. आणि तिचंही चुकलं नाही असं सगळ्यांनी हसता हसता ठरवून टाकलं. मी हसले नाही. सकाळपासूनचं रबर वाया गेलं होतं. हीच चूक माझ्या हातून झाली असती तर शेडात चार दिवस कुणी मोठ्याने बोललं नसतं. तिची चूक झाली आणि सगळ्यांची करमणूक झाली.

गुरुवारपर्यंत एकच दुपार होती. आम्ही दोघी पिशव्या घेऊन निघालो आणि वाटेतली सगळी किराणा दुकानं पालथी घातली. एका वाण्याने विचारलं, ‘‘घरात लगीन हाय काय?’’ जाऊ म्हणाली, ‘‘हाय की, रबराचं.’’ तो हसला आणि पुड्या काढून देताना माझ्याकडे न बघता तिच्याच हातात दिल्या. रस्त्यात ती मला म्हणाली, ‘‘अक्का, तुम्ही नसता तर उद्या तोंड दाखवायला जागा नव्हती.’’

‘‘मी माझ्या रुळांसाठी केलं,’’ मी म्हटलं. तिला ते विनयाचं वाटलं. ते तसं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत शीटा फुगून निघाल्या. गुरुवारी व्यापारी आला. अंगठा दाबला, वास घेतला, शीट दुमडून उलगडली, एका कोपऱ्याला दात लावून बघितला.

‘‘हे जमलंय. कुणाची करामत?’’

‘‘आमच्या धाकटीची,’’ मामा म्हणाले. आणि लगेच पोत्याची गोष्ट सांगायला बसले. भज्यातला म्हणायचं की, पोतंभर भजी कोण तळतंय, सगळं नकला करून. दोन वाट्यांचं त्यांनी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं, ‘‘मग मोठीनं हात लावून ओळखलं,’’ एवढं. पण गोष्टीतला हशा त्याच्या आधीच होऊन गेला होता. व्यापारी जाताना म्हणाला, ‘‘सोडावाल्या बाई, पुढच्या मालाला मला पोत्यातला नको, भज्यातला द्या!’’ नाव तिथे पडलं. दुसऱ्या दिवशी चप्पल लाईनभर झालं. म्हणजे चूक केली तिने, ती पकडली मी, आणि त्या चुकीचं नाव तिला लागलं, तेही मानाचं म्हणून.

माल पास झाला होता. मामांनी शब्द आठवणीत ठेवला होता. शुक्रवारी सकाळी मिल सुरू करायच्या आधी त्यांनी हाक मारली, ‘‘धाकटे, ये इकडं. मोठी तुला दाखवंल.’’ ती आली. केस तिने आधीच आवळून बांधले होते, पदर खोचला होता. मी रुळांपाशी उभी होते. मी बाजूला सरकले नाही.

‘‘मामा,’’ मी म्हटलं, ‘‘मी खुर्चीवर बसणार न्हाय. मिल माझी हाय.’’

आवाज जरा मोठा झाला असावा, कारण चाचांनी वळून बघितलं. मामा रागावले नव्हते, गोंधळले होते.

‘‘मग आधी म्हणायचं की,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाटलं कटाळलीस. तू कधी काय बोललीच न्हाईस.’’

एवढ्यावर निकाल लागला. ते खुर्चीवरून उठून दुसऱ्या स्टुलावर बसले आणि खुर्ची जावेकडे सरकवली.

ती लगेच बसली नाही. केस सोडत माझ्याजवळ आली. ‘‘मला लई शिकायची व्हती मिल,’’ ती म्हणाली, आणि या वेळी आवाजात गोडवा नव्हता. ‘‘तुम्ही उभ्या राहिलात की मामा तिकडं बघतसुद्धा न्हाईत. माझ्याशी सारखं बोलत बसतात, कारण मी काय करून ठेवीन ह्याचा त्यांना भरवसा न्हाय. तुमच्यासारखं एकदा तरी ते मला न बघता ऱ्हावेत, असं वाटायचं.’’

म्हणजे ती माझ्यावर जळत होती. हे ऐकून मला समाधान झालं, खोटं कशाला सांगू. पण ते समाधान जेवणाच्या डब्यापर्यंत टिकलं. डबा उघडला तेव्हा मामा तिच्या वाटीतली भाजी मागून घेत होते.

आता ती खुर्चीवर बसते. फोन घेते, ऑर्डरी घेते, सोडा वाण्याकडून नाही तर बेकरीला माल देणाऱ्याकडून मागवते आणि फोनवर प्रत्येक वेळी बजावते, ‘‘भज्यातला, भज्यातला.’’ पलीकडचा माणूस प्रत्येक वेळी हसतो. ती हे काम माझ्यापेक्षा बरं करते. मी ‘हॅलो’ म्हटलं की माणसांना वाटतं काहीतरी बिनसलंय.

परवा एक नवा व्यापारी आला. दारातून सरळ मिलपाशी आला. मी रूळ गार झालेत का बघत होते.

‘‘नमस्कार,’’ तो म्हणाला. ‘‘त्या स्पंजवाल्या सोडावाल्या बाई तुम्हीच काय?’’

‘‘न्हाय,’’ मी म्हटलं. ‘‘त्या तिकडं, खुर्चीवर. मी मिलवाली.’’

तो तिकडे गेला. तिने त्याला चहा विचारला. मी तेलातल्या सोड्याची वाटी उचलली आणि रबरावर ओतली, नेहमीसारखा शेवटी.